निसटलेली बॅग खाली का पडली नाही?

नोव्हेंबर २००८ मधली गोष्ट. इंटरनॅशनल स्पेस स्टेशनच्या बाहेर एक अंतराळवीर बाई सोलर पॅनल फिरवणारा सांधा साफ करायला निघाल्या होत्या, हत्यारांच्या बॅगेतली ग्रीस गन लीक झाली, सगळं बरबटलं, आणि ते पुसण्याच्या नादात बॅग अलगद निसटली. लक्षात येईपर्यंत हाताबाहेर. तेरा-एक किलोची बॅग आणि खाली साडेतीनशे किलोमीटरवर पृथ्वी.

हा किस्सा सांगून मी समोरच्याला विचारतो, मग ती बॅग गेली कुठे? दोनच उत्तरं येतात. एक, खाली पडली. दुसरं, तरंगत तरंगत अंतराळात लांब कुठेतरी निघून गेली. दोन्ही चूक. ती बॅग स्टेशनसारखीच पृथ्वीभोवती फिरत राहिली, दीड तासाला एक चक्कर, ना इंजिन ना इंधन, अगदी एखाद्या सॅटेलाइटसारखी, आणि हौशी आकाशनिरीक्षकांनी जमिनीवरून तिला बघितलंसुद्धा. आठ महिन्यांवर हा प्रकार चालला. या बॅगेचं कोडं नीट सुटलं ना, की चंद्र का पडत नाही, पृथ्वी सूर्यात का जाऊन आपटत नाही, डिश अँटेना एकाच दिशेला का लावून ठेवता येते, सगळं त्यातूनच उलगडत जातं.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो डोक्यात असेपर्यंत पुढचं काही आत शिरत नाही. "वर गेलं की ग्रॅव्हिटी संपते." नाही संपत हो. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण आत्ताच ६,३७१ किमी लांब उभे आहोत, स्टेशन आजकाल साधारण ४०० किमी उंचीवर असतं, म्हणजे ६,३७१ मध्ये फक्त चारशेची भर. ओढ अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने कमी होते हे खरं, पण एवढ्याशा फरकाने ती कितीशी कमी होणार? गणित केलं तर जमिनीवरच्या जवळपास ८९ टक्के ओढ तिथे शिल्लक असते. समजा कुणी चारशे किलोमीटर उंच खांब उभारला आणि त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवून साठ किलोचा माणूस उभा केला, तर काटा ५३ दाखवेल. तिथून पाय घसरला तर माणूस खालीच येणार, तरंगणार वगैरे नाही.

मग स्टेशनमधले लोक तरंगतात कसे? कारण ते पडतायत. स्टेशन पडतंय, आतला माणूस पडतोय, त्याच्या हातून सुटलेलं पेनसुद्धा पडतंय, सगळे एकाच चालीने, त्यामुळे कुणीच कुणावर टेकत नाही. टेकणंच बंद झालं की वजन जाणवणार कुठून? "शून्य गुरुत्वाकर्षण" हा शब्दप्रयोग ज्याने कुणी रूढ केला त्याने फार घोळ करून ठेवलाय, निदान माझं तरी असंच मत आहे.

आता खरा प्रश्न, पडतायत तर आपटत का नाहीत?

एक चेंडू हातातून नुसता सोडा. पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर खाली येतो. तोच चेंडू जोरात आडवा फेका. तो लांब जाऊन पडेल, पण पहिल्या सेकंदात खाली येणार तेवढाच, ४.९ मीटर. हे पटायला थोडं जड जातं, आपल्याला वाटतं जोरात फेकलेली वस्तू हवेत "टिकते", पण टिकत काही नाही, आडवं जाणं आणि खाली येणं ही दोन कामं एकाच वेळी चाललेली असतात आणि एक दुसऱ्याला अडवत नाही. न्यूटनने हेच धरून एक कल्पना लढवली. खूप उंच डोंगर घ्या, हवा नाहीच असं समजा, माथ्यावर तोफ ठेवा आणि गोळा आडवा मारा. दारू कमी असली तर गोळा पायथ्याजवळ पडेल. जास्त घाला, लांब पडेल. अजून जास्त, अजून लांब. पण जमीन काही सपाट नाही ना! पृथ्वी गोल आहे, आणि तिचा गोलवा असा की दर ८ किलोमीटरला जमीन साधारण ५ मीटर खाली वळते. आले का आकडे जुळून? गोळा एका सेकंदात जवळपास ५ मीटर पडतो, म्हणजे त्याच एका सेकंदात जर तो ८ किलोमीटर आडवा गेला, तर तो पडला तेवढीच जमीनही त्याच्या खालून वळलेली असणार. जमिनीपासूनचं अंतर होतं तेवढंच. पुढच्या सेकंदाला परत तेच, त्याच्या पुढच्याला परत तेच, आणि असं करत करत गोळा अख्ख्या पृथ्वीला फेरी मारून तोफेच्या मागून येणार, तोफ हलवली नसेल तर तोफेलाच धडकणार.

नेमका वेग निघतो सेकंदाला ७.९ किमी. जमिनीलगत हवा आहे म्हणून तिथे हे जमत नाही, पण चारशे किलोमीटरवर हवा जवळजवळ नसतेच आणि ओढ किंचित कमी असते, तिथे ७.७ किमीच्या आसपास पुरतं. तासाला सत्तावीस हजार किलोमीटरच्या वर. बॅग हातातून सुटली तेव्हा ती स्थिर दिसत असली तरी याच स्पीडने चालली होती, कारण बाई त्याच स्पीडने चालल्या होत्या. निसटताना हाताचा जो हलकासा धक्का लागला असेल तो या वेगापुढे चिल्लर. म्हणून बॅग स्टेशनच्याच वाटेने पडत राहिली, आणि पडता पडता पृथ्वी चुकवत राहिली.

बॅग तेरा किलोची आणि स्टेशन चारशे टनांच्या वर, तरी दोघांना वेग तोच कसा लागला, असं कुणी विचारेल. जड वस्तूला ओढ जास्त बसते पण तिला हलवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो, हिशोब फिटतो. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवले होते, दोन्ही एकदमच खाली टेकले, कारण तिथे पिसाला अडवायला हवा नव्हती.

रॉकेटबद्दलही आपली समजूत जरा वाकडी असते. रॉकेट म्हणजे वर जायचं यंत्र असं वाटतं, पण वर जाणं हा त्यातल्या त्यात स्वस्त भाग आहे. ५ मे १९६१ ला अलन शेपर्ड १८७ किलोमीटर उंच गेला, म्हणजे व्यवस्थित अंतराळात पोचला, आणि पंधरा मिनिटांत समुद्रात परत. त्याच्या आधी तीन आठवडे, १२ एप्रिलला, युरी गागारिन गेला होता, त्याने पृथ्वीला अख्खी चक्कर मारली आणि १०८ मिनिटांनी खाली आला. दोघंही अंतराळात गेले, मग फरक कशाचा? शेपर्डचा जास्तीत जास्त वेग तासाला ८,३०० किमीच्या घरातला, गागारिनचा २७,००० च्या वर. फरक आडव्या वेगाचा. रॉकेट उडताना नीट बघा, सरळ उभं चढणं अगदी थोडा वेळ, दाट हवेतून सुटण्यापुरतं, की लगेच ते कलायला लागतं, आणि मग बहुतेक इंधन नुसतं आडवं पळण्यात जातं. शक्यतो पूर्वेकडे सोडतात तेही यासाठीच, विषुववृत्तावर पृथ्वी स्वतःच तासाला १,६७० किमीने पूर्वेला फिरतेय, तेवढा वेग फुकटात मिळतो, सोडायचा कशाला.

आता हे समजवायला नेहमी देतात ते गोफणीचं उदाहरण. दोरीला दगड बांधून गरगर फिरवायचा आणि सांगायचं की बघा, आतली ओढ आणि बाहेरचा जोर यांचा बॅलन्स झाला म्हणून दगड फिरतो, ग्रहांचंही तसंच. दोरी म्हणजे ग्रॅव्हिटी इथपर्यंत ठीक, पण त्या "बॅलन्स"मध्ये सगळी गडबड आहे. दोन जोर एकमेकांना खरंच कापत असते तर दगडावर एकूण जोर शून्य, आणि ज्याच्यावर जोर नाही ती वस्तू सरळ रेषेत जाते, वळत नाही! दगड वळतोय याचाच अर्थ आतली ओढ एकटीच आहे, तिला कापणारं कुणी नाही. गोफण सोडली की दगड बाहेरच्या बाजूला उडत नाही, ज्या दिशेने त्या क्षणी चालला होता त्याच दिशेने सरळ सुटतो, नेम धरणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. चंद्राचंही हेच. ग्रॅव्हिटी या क्षणी बंद केली तर चंद्र सेकंदाला एक किलोमीटर या आपल्या नेहमीच्या चालीने नाकासमोर सरळ निघून जाईल. पृथ्वी त्याला दर सेकंदाला त्या सरळ वाटेवरून जेमतेम १.४ मिलिमीटर आपल्याकडे खेचते. बस. इथे ४.९ मीटर, तिथे १.४ मिलिमीटर, कारण चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून आपल्यापेक्षा साठपट लांब, साठाचा वर्ग ३,६००, आणि ४.९ मीटरला ३,६०० ने भागून बघा काय येतं ते. झाडावरून पडणारं फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने पडतात हे न्यूटनला याच भागाकारातून दिसलं. १६८७ मध्ये त्याने ते छापून मांडलं.

आणि या सगळ्याला ढकलत कोण राहतं? कुणीच नाही. आपल्याकडे जमिनीवर काहीही सोडलं की थांबतं, चाक थांबतं, चेंडू थांबतो, म्हणून वाटतं की चालत राहायला काहीतरी सतत लागतं, पण थांबवणारं घर्षण असतं, ते काढून टाका, वेग आपोआप टिकतो.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. वेग एवढा नेमका लागतो म्हणजे ही तारेवरची कसरत झाली, जरा इकडेतिकडे झाला तर? तर काही नाही, वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ होतं. समजा चारशे किलोमीटरवर वेग हवा त्यापेक्षा थोडा जास्त बसला. सॅटेलाइट तिथून वर वर चढत जाणार, चढताना चेंडूसारखाच त्याचा वेग कमी होत जाणार, पलीकडच्या टोकाला तो इतका मंदावतो की पुन्हा खाली वळतो, उतरताना वेग वाढत जातो आणि बरोब्बर सुरुवातीच्याच जागी सुरुवातीच्याच वेगाने हजर. कमी पडला तर उलटं, पलीकडची बाजू खाली जाते, आणि ती हवेत घुसेपर्यंत चिंता नाही. अगदीच जास्त झाला, जमिनीलगतच्या हिशोबाने सेकंदाला ११.२ किमी, तर मात्र तो पृथ्वीला सोडून जातो. म्हणजे निदान जास्तीच्या बाजूला चूक पचवायला जागा भरपूर आहे. ग्रहांच्या वाटा लंबवर्तुळाकार असतात हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०९ मध्येच सांगितलं होतं, टायको ब्राहे या आकाशनिरीक्षकाने मंगळाच्या जागा वर्षानुवर्षं टिपून ठेवल्या होत्या त्यावरून डोकेफोड करून, पण का असतात ते त्याला सांगता आलं नव्हतं. आपली पृथ्वीसुद्धा जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून १४.७ कोटी किमीवर असते आणि जुलैत १५.२ कोटींवर, जवळ असताना सेकंदाला ३०.३ किमी पळते, लांब असताना २९.३.

इथवर सगळं सरळ होतं. आता जे येतं ते मला स्वतःला पचायला बरेच दिवस लागले.

जून १९६५. अमेरिकेच्या जेमिनी ४ यानात जेम्स मॅकडिव्हिट आणि एड व्हाइट हे दोन अंतराळवीर. काम असं होतं की ज्या रॉकेटने त्यांना वर सोडलं त्याचा रिकामा टप्पा जवळच फिरत होता, त्याच्या शेजारी जाऊन दाखवायचं. मॅकडिव्हिट मुरलेला पायलट, त्याने विमानात केलं असतं तेच केलं, टप्प्याच्या दिशेने नाक धरलं आणि इंजिन मारलं. टप्पा जवळ यायच्या ऐवजी लांब गेला. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. बरंच इंधन गेल्यावर नाद सोडावा लागला. यान बिघडलं नव्हतं, माणूसही चुकार नव्हता, ऑर्बिटमध्ये, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या या फिरत्या वाटेवर, पाठलाग करायची रीतच उलटी आहे. पुढे जोर मारला की वेग वाढतो, वेग वाढला की वर चढतो, वर चढला की चक्कर मोठी होते आणि तिथली चालही मंद, म्हणजे एकंदरीत तुम्ही मागे पडता. पुढच्याला गाठायचं असेल तर आधी ब्रेक मारायचा! ब्रेकने खाली उतरता, खालची चक्कर लहान आणि चाल जलद, त्यामुळे पुढे सरकता, मग योग्य वेळी परत वर यायचं. अंतराळवीर बझ ऑल्ड्रिनने १९६३ मध्ये डॉक्टरेट केली ती याच विषयात, ऑर्बिटमध्ये दोन यानं एकमेकांजवळ आणायची कशी. मॅकडिव्हिटच्या फजितीच्याच वर्षी, १९६५ च्या डिसेंबरात, जेमिनी ६ आणि ७ एकमेकांच्या हातभर जवळ आली, यावेळी नीट गणित करून.

आपल्या बॅगेनेही हेच केलं. चारशे किलोमीटरवर हवा जवळजवळ नसते म्हटलं खरं, पण त्या "जवळजवळ"मध्ये थोडी असतेच. हलकी बॅग, तिला त्या विरळ हवेचा रेटा स्टेशनपेक्षा जास्त जाणवला, ती थोडी खाली उतरली, आणि खाली उतरल्यामुळे काय झालं? स्टेशनच्या पुढे निघून गेली. हवेने अडवलं म्हणून वेग वाढला! अडवणाऱ्या हवेने जेवढा वेग खाल्ला त्याहून जास्त वेग खाली घसरल्यामुळे मिळाला, असा तो व्यवहार. उतरत उतरत दाट हवेत पोचली आणि ऑगस्ट २००९ मध्ये जळून गेली. पहिल्या स्पुटनिकचंही तेच झालं, ४ ऑक्टोबर १९५७ ला वर गेला आणि तीन महिन्यांत, ४ जानेवारी १९५८ ला खल्लास. स्टेशनलाही ही हवा सोडत नाही, म्हणून अधूनमधून इंजिन मारून त्याला परत वर ढकलावं लागतं. तेवढंच काय ते इंधन, फिरत राहण्यासाठी नाही, हवेने जे खाल्लं त्याची भरपाई म्हणून.

वर जावं तशी चाल मंद हे कळलं की डिशचं कोडं चुटकीसरशी सुटतं. चारशे किमीवर दीड तासात चक्कर, चंद्राच्या अंतरावर सत्तावीस दिवस. मधे कुठेतरी अशी उंची असणारच जिथे चक्कर बरोबर पृथ्वीच्या एका गिरकीएवढी होते. ती आहे ३५,७८६ किमी. तिथे विषुववृत्तावर पूर्वेकडे फिरणारा सॅटेलाइट खालून बघितला तर हलतच नाही, पृथ्वीबरोबरच फिरत असतो, सेकंदाला तीन किलोमीटरने पळत असूनही जागच्या जागी. म्हणून डिश एकदा लावली की लावली. हा सॅटेलाइट आपापल्या देशाच्या अगदी डोक्यावर का नाही ठेवत? कारण कुठल्याही ऑर्बिटचं प्रतल पृथ्वीच्या केंद्रातून जावंच लागतं, ओढ केंद्राकडे आहे ना, त्यामुळे जागचं न हलणं फक्त विषुववृत्तावरच जमतं.

ग्रहांकडे वळलं की फक्त आकडे मोठे होतात. पृथ्वी दर सेकंदाला सूर्याकडे पडते ३ मिलिमीटर आणि आडवी जाते जवळपास ३० किलोमीटर. बुध जवळ म्हणून सेकंदाला ४७ किमी पळतो, ८८ दिवसांत वर्ष संपवतो, नेपच्यून रमतगमत साडेपाचच्याही आत, एक फेरी १६५ वर्षांची. सूर्य एवढा खेचतोय तर त्यात पडणं सोपं असेल असं वाटतं, पण सूर्यावर यान सोडणं हे सूर्यमालेच्या बाहेर यान सोडण्यापेक्षा अवघड आहे, गंमत म्हणून नाही, खरंच. बाहेर पडायला पृथ्वीच्या अंतरावर सेकंदाला ४२ किमी लागतात, पैकी ३० पृथ्वीने आधीच दिलेत, वरचे १२ जमवायचे. सूर्यात पडायचं तर ते ३० च्या ३० मारून टाकावे लागतात, नाहीतर यान पडतं आणि चुकतं, पडतं आणि चुकतं. नासाचं पार्कर सोलर प्रोब हे यान २०१८ मध्ये निघालं, शुक्राजवळून सात वेळा जाऊन प्रत्येक वेळी थोडा थोडा आडवा वेग गमावत २४ डिसेंबर २०२४ ला सूर्यापासून ६१ लाख किमीवर पोचलं, आणि तेही चुकवूनच गेलं.

हा आडवा वेग ग्रहांना मिळाला कुठून? साधारण ४६० कोटी वर्षांपूर्वी ज्या वायू-धुळीच्या ढगातून सगळं तयार झालं तो ढग मुळात हळूहळू फिरत होता, आकसत गेला तसा जोरात फिरायला लागला. ज्याच्याकडे पुरेसा आडवा वेग नव्हता तो माल सूर्यात गेला. आपण बघतो ते उरलेले.

कायम टिकणारं मात्र यातलं काहीच नाही. पृथ्वीवर भरतीचा जो फुगवटा येतो तो पृथ्वीच्या गिरकीमुळे चंद्राच्या थोडा पुढे राहतो आणि चंद्राला किंचित पुढे ओढत राहतो. पुढे ओढलं की काय होतं ते मॅकडिव्हिटला विचारा: चंद्र वर चढतो आणि मंदावतो. वर्षाला ३.८ सेंटीमीटर, अपोलोच्या लोकांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून मोजलेलं. मंगळाच्या फोबोस या चंद्राचं नशीब उलटं, तो इतका जवळ आहे की मंगळ स्वतःभोवती एकदा फिरेपर्यंत याच्या तीन फेऱ्या होतात, त्यामुळे त्याने उठवलेला फुगवटा त्याच्या मागे राहतो, मागे खेचतो, आणि फोबोस वर्षाला जवळजवळ दोन सेंटीमीटर खाली उतरतोय, दर फेरीला आधीपेक्षा जरासा जास्तच जोरात पळत.